सरांना शिकवलेली कानडी ओळ

माझी आई विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायची, ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली ती एम.ए.च्या वर्गात. लोकसाहित्याचा तास होता. पाऊस आषाढात जो गेला तो परत फिरकलाच नव्हता, म्हणून सरांनी त्या दिवशी पुस्तक मिटलं आणि ज्याच्या त्याच्या गावातला दुष्काळ सांगायला लावला. लोह्याच्या मुलानं ढोरं बाजारात नेल्याचं सांगितलं. हिमायतनगरच्या मुलीनं शाळेला सुट्टी देऊन पोरांना टँकरपुढं रांगेत उभं करतात, ते सांगितलं. मग माझी पाळी आली.

आमचं गाव उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला. घरात आम्ही कानडी बोलतो, घराबाहेर मराठी, आणि बाजारात दोन्हींत उर्दू मिसळून. वडिलांचं किराणा दुकान. गळ्यात लिंग, सकाळी पूजा झाल्याशिवाय दुकानाची फळी उघडायची नाही. मी सांगितलं, की गावच्या विहिरीत पाणी नुसतं पाझरायचं, तेव्हा बाया एकीला दोराला बांधून खाली सोडायच्या. आई हलकी म्हणून नेहमी तिलाच सोडायच्या. ती तळाशी बसून वाटीवाटीनं घागर भरायची आणि भरताना विहिरीशी बोलायची. जावेशी भांडावं तसं. "एवढी कशापायी आखडलीस बाई? तुझं काय खाल्लं आमी?" वर बाया हसायच्या, पण दोर घट्ट धरून.

सर खिडकीपाशी उभे होते, ते माझ्या बाकाजवळ आले. "हे नाटक आहे," ते म्हणाले. "लिहून आण. युवक महोत्सवात हेच करू. आणि त्या बाईचं काम तूच करायचं. तुझ्याशिवाय कोण करणार?"

सर पुण्याकडून आलेले. उंच, खादीचा झब्बा, बोलणं स्वच्छ धुतलेलं. विद्यापीठ तेव्हा नवं होतं. नांदेडच्या बाहेर माळावर चार इमारती, त्यातल्या दोन अर्धवट, आणि मधे मुरूमच मुरूम. झाडं लावली होती पण त्या वर्षी ती नुसत्या काठ्या होऊन उभी होती. हिरवं असं काही नव्हतं. तरवडाची पिवळी फुलं तेवढी माळावर दिसायची, त्याला पाणी लागत नाही. अशा ठिकाणी सर आम्हाला फार मोठे वाटायचे. ते मला म्हणाले, "लिहून आण," आणि मी होस्टेलच्या खोलीत पंधरवडाभर दुसरं काही केलं नाही.

गणपती उठले आणि तालमी सुरू झाल्या. पहिल्या दिवशी टाइप केलेल्या प्रती वाटल्या. वरच्या पानावर लेखन आणि दिग्दर्शन, दोन्हींपुढं सरांचं नाव. आत आई होती, विहीर होती, जावेचं भांडण माझ्याच शब्दांत होतं. मी पान उलटलं, पुन्हा वरचं पान काढलं. सर म्हणाले, "संस्कार केलेत मी बरेच." मी संस्कार शोधले. एका ठिकाणी मी 'घागर' लिहिलं होतं, तिथं 'घट' झालं होतं.

तरी मी गिळलं. म्हटलं, नाव त्यांचं राहू दे, काम तर आपलं आहे. आई मी करणार आहे.

महोत्सव आठ-दहा दिवसांवर आला आणि एक मुलगी तालमीला येऊन बसली. नांदेडचीच, वजिराबादेतली, इंग्रजी विभागातली. गोरी, लांब वेणी, आवाज गोड. मला वाटलं, बघायला आली असेल. सरांनी तालमीच्या मधेच मला बाजूला घेतलं.

"आईचं काम ती करेल."

"का सर?"

"हे बघ, आवाज तुझा चांगला आहे. पण चेहरा मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. आणि भाषा."

"भाषा तर तीच हाय सर, नाटकातली."

"तेच म्हणतोय मी. तुझ्या तोंडात ती नाटकातली वाटत नाही, खरीच वाटते. रंगभूमीवर खरं चालत नाही, खऱ्यासारखं चालतं." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, हसत, "काल ही मला म्हणते, 'सर, मी जेवून राहिले.' म्हटलं, अगं, जेवून राहिलीस की राहून जेवलीस?"

सगळे हसले. ती नवी मुलगीही हसली, पण थोडंसंच आणि लगेच थांबली, हे मी पाहिलं. सर म्हणाले, "तू प्रॉम्प्टिंग कर. आणि हिला बोली शिकव. तुझा उपयोग तिथं आहे."

उपयोग. हा शब्द घेऊन मी होस्टेलवर आले. नळ कोरडा होता, तोंड धुवायलाही पाणी नव्हतं. मी तशीच खाटेवर बसले. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. मनात एकच विचार होता, की या माणसाला हे परत करायचं. कसं, ते मला त्या दिवशी माहीत नव्हतं.

मी तिला शिकवायला लागले. 'आहे' नव्हे, 'हाय'. 'नाही' नव्हे, 'न्हाई'. ती मन लावून शिकायची, वहीत लिहून घ्यायची, मला "ताई" म्हणायची, जरी आम्ही एकाच वयाच्या. "ताई, 'लई' म्हणताना जीभ कुठं लावायची?" मी दाखवायची. तिच्यावर राग धरायचा मी प्रयत्न केला, पण तो धरला जाईना, पुन्हा पुन्हा सरांकडेच जायचा.

मग सरांनी स्वतःच वाट दाखवली. महोत्सव त्या वर्षी उदगीरला होता. सरांच्या डोक्यात आलं, की सीमाभागाचा प्रेक्षक, तेव्हा शेवटच्या प्रसंगात एक कानडी ओळ हवी. आई विहिरीतून वर बघून आभाळाला आळवते, आणि काठावरच्या बाया तीच ओळ कोरसमध्ये उचलतात. "अस्सल पाहिजे," सर म्हणाले. "तू सुचव काहीतरी. पावसाला हाक मारल्यासारखं."

"उद्या सांगते सर."

ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून मी ती ओळ जुळवली. फार वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी तालमीत मी ती म्हणून दाखवली, आई जात्यावर म्हणायची त्या चालीत, शेवटचं अक्षर लांबवून.

"नमग कलसांव कळ्ळ अदान."

सरांनी डोळे मिटले. "पुन्हा म्हण." मी म्हटली. "कळ्ळ," ते म्हणाले. "यात कळवळा आहे, नाही का?"

"तसंच काहीतरी, सर."

"मेघराजा, आमचा कळवळा येऊ दे. असंच ना?"

मी मान हलवली. सरळ मराठीत त्या ओळीचा अर्थ होतो, आम्हाला शिकवणारा चोर आहे. कळ्ळ म्हणजे चोर.

त्या घोळक्यात कानडी कळणारा एकच जण होता, निलंग्याकडचा हलगी वाजवणारा मुलगा. त्यालाही सर 'ए बडव्या' म्हणून हाक मारायचे. मी ओळ म्हटली तेव्हा त्याचा हात हलगीवरच थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं. मला वाटलं, संपलं आता. त्यानं मान खाली घातली, हलगी शेकोटीच्या धगीवर धरून तापवली, आणि मग जी वाजवली, तशी त्यानं त्याआधी कधी वाजवली नव्हती. सर खूष झाले. "हं, आता कसं," म्हणाले.

पुढचे दिवस मी असे सुखात काढले, की तसं सुख मला नंतर लग्नातही झालं नाही. सरांना ती ओळ फार आवडली होती. ते स्वतः म्हणून दाखवायचे, छातीवर हात ठेवून, मान वर करून. कोरसला शिकवायचे. "कळ्ळ वर जोर द्या, कळ्ळ वर." बारा जण एका सुरात म्हणायचे, आणि सर हातानं ताल धरायचे. विभागाच्या पायऱ्या चढताना गुणगुणायचे. विभागप्रमुखांना त्यांनी ती व्हरांड्यात म्हणून दाखवली आणि प्रमुख म्हणाले, "वा, काय आर्त आहे." मी मागं उभी होते, हातात प्रॉम्प्टिंगची प्रत धरून. रात्री मेसमध्ये पातळ वरण समोर यायचं, त्यात भाकरी कुस्करताना मला आतून हसू फुटायचं. मैत्रिणी विचारायच्या, काय झालं. मी म्हणायची, काही न्हाई, भूक लागली.

उदगीरला आम्ही विद्यापीठाच्या गाडीनं गेलो. हिंगोली परभणीतून निघून नवा जिल्हा झाल्यापासून उदगीरवाल्यांना स्वस्थता नव्हती. गावात शिरल्या शिरल्या भिंतींवर गेरूनं लिहिलेलं, उदगीर जिल्हा झालाच पाहिजे. आदल्या दिवशी गाव बंद होतं म्हणे, त्यामुळं त्या संध्याकाळी सगळं गाव नाटकं बघायला लोटलं होतं. व्यापारी, बाया, पोरं, बसस्टँडवरचे हमाल. मंडपात शिरल्यावर कानावर पहिलं आलं ते कानडी. पाठीमागं दोन म्हाताऱ्या तुरीच्या भावाबद्दल बोलत होत्या. आतापर्यंत खेळ होता. इथं प्रत्येक दुसऱ्या माणसाला ओळ कळणार होती.

ती मुलगी विंगेत माझ्याजवळ आली. तोंडाला रंग, अंगावर जुनं इरकली लुगडं. "ताई, मी चुकले तर सांगशील ना?"

सांगावं, असं त्या क्षणी एकदा मनात येऊन गेलं. सरांकडं जावं आणि म्हणावं, ओळ बदला. सर विंगेच्या दुसऱ्या टोकाला यजमान महाविद्यालयाच्या कुणाशी तरी बोलत होते. मी दोन पावलं गेले, तेवढ्यात त्यांचं बोलणं ऐकू आलं. "लिहायला तीन वर्षं लागली मला. या भागात राहून, लोकांत मिसळून." मी जागेवर परत आले.

नाटक चांगलं चाललं होतं, हे मला सांगायलाच हवं. माझीच आई होती ती. जावेच्या भांडणाला लोक हसले, घागर फुटते तिथं बायांनी पदर डोळ्याला लावले. ती चांगलं करत होती, मी शिकवलेला एकेक शब्द जागेवर पडत होता. मग विहिरीचा शेवटचा प्रसंग आला. हलगी थांबली. तिनं मान वर केली, डोळ्यांत पाणी आणलं आणि आळवलं.

"नमग कलसांव कळ्ळ अदान."

लोकांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग कोरसनं उचललं, बारा जणांनी, कळ्ळ वर जोर देऊन. हलगीवाल्यानं ठोका दिला. पुढच्या रांगेतून कुणीतरी कानडीत विचारलं, "यारू?" म्हणजे कोण. तिला वाटलं दाद आहे. तिनं आणखी आर्त होऊन ओळ म्हटली. तेव्हा मंडप फुटला. पोरं बाकांवर उभी राहिली, हमाल मांड्या थोपटायला लागले, त्या दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या. कोरस घाबरून म्हणतच राहिला, कारण सरांनी बजावलं होतं, काहीही झालं तरी थांबायचं नाही. पडदा पडला तो लोकांच्या शिट्ट्यांत.

आमच्याकडं तेव्हा नाटकानंतर परीक्षक दोन शब्द बोलायचे. त्यातले एक त्याच भागातले जुने नाट्यकर्मी होते, पांढरं धोतर, मऊ आवाज. त्यांनी माईक घेतला, लोकांना गप्प केलं आणि सरांना मंचावर बोलावून दुसरा माईक त्यांच्या हातात दिला.

"नाटक चांगलं बांधलंय," ते म्हणाले. "ती शेवटची ओळ कुणी लिहिली?"

मी विंगेत उभी होते. त्या वेळी सरांनी नुसतं म्हटलं असतं, आमच्या विद्यार्थिनीनं सुचवली, तर सगळं माझ्यावर आलं असतं. मी त्यासाठी मन घट्ट करून उभी होते.

"लिहिलेली नाही ती," सर म्हणाले. "पारंपरिक आहे. मी स्वतः या भागात गावोगाव फिरून गोळा केलीय. पावसाला केलेली विनवणी आहे."

"कोणत्या गावात मिळाली?"

"बऱ्याच गावांत म्हणतात."

लोक पुन्हा हसायला लागले. परीक्षकांनी हात वर केला. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं असावं. "सर, तुम्हाला कुणी फसवलं असंल. हिचा अर्थ होतो, आमाला शिकवणारा चोर हाय. हे आमच्याकडं पोरंबी म्हणत न्हाईत. म्हणायला पायजे होतं, ते वेगळं."

सर तिथं उभे होते. हातात माईक होता, तो कुठं ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. मागून कुणीतरी ओरडलं, "कळ्ळ," आणि मग दुसऱ्या कोपऱ्यातून, मग सगळीकडून. मी ते सगळं नीट पाहिलं. डोळे मिटले नाहीत, मान वळवली नाही. तालमीत सगळे माझ्यावर हसले होते ते पंधरा-वीस जण असतील. इथं अख्खं उदगीर होतं.

परतीच्या गाडीत सर ड्रायव्हरशेजारी बसले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं नाही, उघडंच ठेवलं. झब्बा कालचाच होता.

"तू मुद्दाम केलंस."

"काय सर?"

"ती ओळ."

"ती तर तुमी गोळा केलीत ना सर? गावोगाव फिरून."

त्यांना तक्रार करायची तर ओळ मी दिली हे सांगावं लागलं असतं, आणि मग बाकीचं काय काय मी दिलं होतं, तेही कुणीतरी विचारलं असतं. हे त्यांना कळत होतं आणि मला कळत होतं.

"तुझे दोन पेपर माझ्याकडे आहेत," ते शेवटी म्हणाले.

"हाव सर," मी म्हटलं. 'हो' नव्हे, मुद्दाम 'हाव' म्हटलं. "जाऊ?"

त्या दोन पेपरांत मला काठावर पास केलं. माझा पहिला वर्ग गेला. मला प्राध्यापक व्हायचं होतं, ते झालं नाही, बी.एड. केलं आणि लातूरला शाळेत लागले. वडील म्हणाले, मार्कांसाठी अर्ज कर. मी केला नाही. सरांनी जे घेतलं ते त्यांना पचू दिलं नाही, एवढं मला पुरेसं होतं. सर पुढं बरीच वर्षं तिथंच राहिले, आणि ज्यांना कानडीचा गंधही नाही अशी अर्धापूर, हदगावची पोरंसुद्धा त्यांना पाठीमागं कळ्ळ सर म्हणत राहिली. नव्या पोरांना ते आडनाव वाटायचं. हे मला कुणी कुणी येऊन सांगत असे आणि मी चहा करून त्यांना बसवून पुन्हा सांगायला लावत असे.

ती मुलगी मात्र त्याच वर्षी कोजागिरीच्या दिवशी मला भेटली. दूध मिळालं नव्हतं म्हणून होस्टेलच्या पोरींनी दुधाच्या पावडरीचं काहीतरी केलं होतं, आणि अंगणात सतरंजी टाकली होती. ती गावातून मुद्दाम आली. सगळ्यांपासून थोडं लांब मला उभं केलं.

"माझ्या तोंडून का?" तिनं विचारलं.

"माझं तोंड त्यांनी तुला दिलं होतं म्हणून."

"मी मागितलं नव्हतं."

"न्हाई मागितलं. पण घेतलंस."

तिचे डोळे भरले नाहीत. ती म्हणाली, "लोक मला हसत होते, ताई. मला वाटत होतं, मी चांगलं करतेय म्हणून." मग ती गेली. नाटकात तिनं पुन्हा काम केलं नाही असं ऐकलं. तिच्याबद्दल मला वाईट वाटतं. पण ओळ परत घ्यावी, असं मला एकदाही वाटलेलं नाही. तिला तिथं मी उभं केलं नव्हतं.

मागच्या वर्षी एक फोन आला. सर निवृत्त होत होते, माजी विद्यार्थ्यांनी सत्कार ठेवला होता. फोन करणारा नवा मुलगा होता, फार आदरानं बोलत होता. "मॅडम, तुम्ही त्यांच्या पहिल्या पहिल्या बॅचच्या. सरांबद्दल दोन शब्द बोलाल का? सरांचं सीमाभागावर मोठं काम आहे."

"कुणाचं काम?" मी विचारलं.

"सरांचं, मॅडम."

"मी आले तर खरं बोलीन. चालंल का?"

तो घाबरला बिचारा. म्हणाला, विचारून सांगतो. त्याचा परत फोन आला नाही. सत्काराच्या दिवशी मी शाळेतून लवकर घरी आले, नवऱ्यानं विचारलं, नांदेडला जायचं होतं ना तुला. मी म्हटलं, त्यांनी बोलावलं न्हाई. आणि ज्वारीचं पीठ मळायला घेतलं.